ठोकळ्यांचा वाडा

मुलांच्या हातांतून मोबाईल कसा सुटावा, हा प्रश्न हल्लीं ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें घर विरळा. चार सुशिक्षित कुटुंबें एकत्र जमलीं, कीं पाऊसपाण्याची चौकशी संपतांच बोलणें याच विषयावर येतें. कोणी म्हणतो, तें यंत्र कपाटांत कुलुपाखालीं ठेवावें; कोणी म्हणतो, दिवसाकाठीं घटका नेमून द्यावी; आणि वडीलधारी मंडळी सगळा दोष काळावर टाकून सुपारी कातरूं लागतात. आमच्या मतें या वादांत एक भेद नजरेआड होतो. चित्र पाहत बसणें निराळें आणि चित्र करीत बसणें निराळें. ज्या कांचेवर मुलें तासन् तास दुसऱ्यांनीं हलविलेलीं चित्रें पाहतात, त्याच यंत्राच्या पाठीवर एक डोळाही असतो. त्या डोळ्यापुढें मुलें स्वतः कांहीं मांडूं लागलीं, म्हणजे काय घडतें, हें गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं आमच्या भूमच्या घरीं पाहिलें. ती हकीकत आणि तिच्या निमित्तानें सुचलेले चार विचार वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ज्या कलेविषयीं बोलावयाचें, तिला जगभर स्टॉप-मोशन म्हणतात. मराठींत तिला 'थांबत थांबत केलेला चित्रपट' म्हटलें, तरी अर्थ पुरता कळतो. एकादें बाहुलें मांडावें, त्याचें एक छायाचित्र घ्यावें. मग त्याचा हात गव्हाच्या दाण्याइतका उचलावा, पुन्हां छायाचित्र घ्यावें. पुन्हां उचलावा, पुन्हां घ्यावें. अशीं छायाचित्रें एकामागून एक वेगानें दाखविलीं, म्हणजे निर्जीव बाहुलें आपण होऊन हात उचलतें, असा भास होतो. एका दृष्टीनें सगळाच सिनेमा या भासावर उभा आहे. चित्रपटगृहांत सेकंदाला २४ चित्रें डोळ्यांपुढून जातात. आपणांस तीं चोवीस दिसत नाहींत, एकच हलतें दृश्य दिसतें. घरगुती कामांत मुलें सेकंदाला १२ चित्रांवर भागवितात. तरीसुद्धां एका मिनिटाच्या चित्रपटास ७२० छायाचित्रें लागतात, आणि दर छायाचित्रापूर्वीं कशास ना कशास तरी हात लावावा लागतो. या कामासाठीं हल्लींच्या मुलांची विशेष आवड 'लेगो' या नांवाच्या ठोकळ्यांवर आहे. कारण त्यांचीं घरें, गाड्या, माणसें सर्व कांहीं एकमेकांत घट्ट बसतें, आणि मांडलेलें जेथल्या तेथें राहतें.

वाचकांनीं हा सगळा परदेशी खटाटोप मात्र समजूं नये. चित्रांतून गोष्ट चालविण्याची हौस आपल्या मातींत जुनी आहे. कोंकणांत कुडाळजवळ पिंगुळी या गांवीं ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सांगत आले आहेत. रंगविलेलीं चित्रें एकामागून एक पुढें धरावयाचीं आणि रामायण-महाभारतांतील कथा गाऊन सांगावयाची, असा तो प्रकार. चित्र जागच्या जागीं स्थिर असतें. युद्ध चालतें तें ऐकणाराच्या मनांत. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करणारीं मुलें तरी दुसरें काय करतात? आज पायथ्याशीं असलेला मावळा उद्यां बुरुजावर दिसतो, आणि मधली चढण मुलांनीं मनानें पुरी केलेली असते.

आणि ही नेमकी युक्ति तर आपल्या पहिल्या चित्रपटकारानेंच शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं वापरली आहे. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून परतले, तेव्हां भांडवल देणारांस दाखवावयास त्यांच्याजवळ कांहींच नव्हतें. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, कॅमेरा तिच्यासमोर रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ थांबत थांबत ते त्या कुंडीचीं चित्रें घेत राहिले. पडद्यावर हें सर्व मिनिटभराचेंच झालें. परंतु त्या मिनिटांत बीं फुटलें, कोंब वर आला, आणि त्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' हें त्या चित्रपटाचें नांव. तो पाहून पैसे लावण्यास माणसें पुढें आलीं, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. पुढें १९१५ सालीं फाळक्यांनीं 'आगकाड्यांची मौज' नांवाचा लहानसा चित्रपट केला. त्यांतील नट म्हणजे आगपेटींतल्या काड्या! फाळके तरुणपणीं 'प्रोफेसर केळफा' असें आपलें आडनांव उलटें करून जादूचे प्रयोगही करीत. काड्यांस चालावयास लावण्याची हौस त्यांस होणें स्वाभाविकच होतें.

आमच्या वाचक भगिनींनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. या सगळ्या उद्योगांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात बरोबरीचा होता. कोरी फिल्म येई तिच्या कडांस भोकें नसत; अंधाऱ्या खोलींत बसून तीं पाडण्याचें काम त्या करीत. फिल्म धुण्याचें कामही त्यांनीं शिकून घेतलें; मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होताच; आणि पैशाची अडचण पडली तेव्हां अंगावरचे दागिने त्यांनींच काढून दिले. तात्पर्य, आपला चित्रपट जन्मला तो दादरच्या एका बिऱ्हाडांत, चुलीच्या शेजारीं. घरांतील माणसांनीं मिळून करावयाचें काम म्हणूनच तो प्रथम झाला.

ठोकळ्यांचा इतिहासही असाच एका घरांतला आहे. डेन्मार्क देशांत बिलुंड नांवाच्या खेड्यांत ओले किर्क ख्रिस्त्यानसेन हा सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरें बांधण्याचें काम मिळेना, म्हणून १९३२ सालीं तो लांकडी वस्तू आणि खेळणीं करूं लागला. १९३४ सालीं त्यानें आपल्या मालास 'लेगो' हें नांव दिलें. 'चांगलें खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून तें बनविलेलें आहे. पुढें प्लॅस्टिकचे ठोकळे आले. परंतु ते एकमेकांस नीट धरून राहत नसत. सुताराच्या मुलानें, गॉटफ्रेडनें, ठोकळ्याच्या पोटांत पोकळ नळ्या बसविल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजीं त्या रचनेचा हक्क नोंदविला. तेव्हांपासून मापांत फरक झालेला नाहीं. आजोबांचा ठोकळा नातवाच्या ठोकळ्यावर आजही बसतो. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे घेतले, तर ते २४ प्रकारांनीं जोडतां येतात. आणि तसे सहा घेतले, तर गणितज्ञांनीं काढलेली संख्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ अशी आहे.

या ठोकळ्यांचा चित्रपट करण्याची कल्पनाही मोठ्या माणसांची नव्हे. १९७३ सालीं डेन्मार्कमधील हासिंग आडनांवाच्या दोघां भावांनीं, एक १२ वर्षांचा, दुसरा १० वर्षांचा, चंद्रावरील स्वारीचा एक लहान चित्रपट ठोकळ्यांतून केला. आज आपण पाहतों तें हातपाय हलविणारें बाहुलें १९७८ सालीं निघालें. म्हणजे या मुलांपाशीं तेंही नव्हतें. आतां तर २०१४ सालीं अमेरिकेंत निघालेला 'द लेगो मूव्ही' हा मोठा चित्रपट संगणकावर केलेला असूनही त्यांतील बाहुलीं मुद्दाम अडखळत चालतात; कारण मुलांच्या हातून होणारी ती चाल प्रेक्षकांस प्रिय झाली आहे.

आतां घरची गोष्ट. आमचें भूम हें बालाघाटाच्या डोंगररांगांतील, धाराशिव जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव. आगगाडी येथें नाहीं, बार्शीवरून एस्. टी.नें यावें लागतें. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळें या भागांत दुभत्या जनावरांवर आणि खव्याच्या भट्ट्यांवर पुष्कळ संसार चालतात, आणि शिकलेलीं मुलें पुण्या-मुंबईची वाट धरतात. आमच्या घरींही तेंच झालें आहे. थोरला पुण्यास नोकरीस; धाकटा येथें शेती पाहतो आणि आम्हां दोघां म्हाताऱ्यांसही पाहतो. थोरल्याचा मुलगा १४ वर्षांचा. धाकट्याची मुलगी १२ वर्षांची आणि तिचा भाऊ ७ वर्षांचा. सुट्टींत नातू पुण्याहून आपल्या ठोकळ्यांचा डबा घेऊन आला. नातीपाशींही वाढदिवसाच्या भेटींतून सांठलेला एक लहान डबा होता. दोन्ही डबे जाजमावर ओतले गेले, आणि 'आपल्या वाड्याचाच सिनेमा करूं' असा ठराव झाला. पहांटेच्या सड्यापासून रात्रीच्या पंगतीपर्यंतचा एक दिवस, आणि तो ९० सेकंदांत! सेकंदाला १२ या हिशेबानें १,०८० छायाचित्रें. दिवसाला साठ झालीं, तर अठरा दिवसांचें काम.

प्रथम जागेचा शोध झाला. ओसरीवर उजेड भरपूर. परंतु सूर्य सरकतो, ढग येतो, आणि लागोपाठच्या दोन छायाचित्रांत उजेडाचा फरक पडला, कीं पडद्यावर चित्र मिणमिणूं लागतें. म्हणून मुलांनीं माजघर निवडलें. आमच्या माजघरास खिडकी नाहीं. जुन्या वाड्याचा हा दोष त्यांच्या कामास गुण ठरला. तेथें चौरंग मांडून त्याचे पाय चिकटपट्टीनें फरशीस जखडले. ठोकळ्यांचें जोतें चौरंगास चिकटविलें. मोबाईल तिपाईवर बसवून त्याचा नेम आणि उजेड एकदांच ठरवून ठेवला, कारण तसें न केल्यास तें यंत्र दर चित्रागणिक आपल्या लहरीनें उजेड कमीजास्त करतें. वर दिवा एकच. पंखा बंद, कारण त्याच्या वाऱ्यानें कागदाचीं तोरणें हलत. वैशाखांतला आमच्याकडील उकाडा ज्यांनीं सोसला आहे, त्यांस या तपश्चर्येची कल्पना येईल. मुलें गडद रंगाचे कपडे घालून बसत. पांढऱ्या सदऱ्याची झांक गुळगुळीत ठोकळ्यांवर उमटते, हें त्यांस दुसऱ्याच दिवशीं कळून आलें. संध्याकाळीं विजेचा दाब उतरला, कीं दिवा मंदावे आणि काम थांबे. तेव्हां धाकट्यानें शेतावरची बॅटरी आणून तिच्यावर दिवा जोडून दिला.

सर्वांत कठीण तें चालणें. या बाहुल्यांच्या पायांस गुडघा नाहीं. पाय कमरेंतून पुढेंमागें होतो एवढेंच. एक पाय पुढें, मग दोन्ही सरळ, मग दुसरा पुढें, अशा अवस्था धरून बाहुलें थोडें थोडें सरकवावें लागतें. शिवाय मनुष्य एकाएकीं चालूं लागत नाहीं आणि एकाएकीं थांबतही नाहीं. आरंभींचीं आणि शेवटचीं पावलें लहान ठेवलीं, तरच चाल खरी वाटते. हें गुपित नातीनें पुस्तकांतून काढलें नाहीं. आजीच्या चालण्याकडे दोन दिवस टक लावून पाहिलें आणि ओळखलें. आजी पाटावरून उठतांना आधीं हात टेकते, मग क्षणभर थांबते, मग उठते. तो क्षणभराचा थांबा पोरीनें सहा चित्रांत धरला, म्हणजे अर्धा सेकंद. चाळीस वर्षें शिक्षकी केलेल्या आम्हांस असें वाटलें, कीं एवढ्या बारकाईनें आजीकडे पाहणें हाच त्या सुट्टींतला पहिला लाभ.

पुढची गोष्ट छापील पानावर आणावी कीं नाहीं, याचा आम्हीं विचार केला. परंतु ज्या वाड्यांत आज दोन भाऊ दोन गांवीं राहतात, त्या बहुतेक वाड्यांत ती कमीअधिक फरकानें चालली आहे, म्हणून लिहितों. थोरल्यास पुण्यास घर घ्यावयाचें आहे आणि त्यासाठीं वाड्यांतील आपला हिस्सा पैशाच्या रूपानें हवा आहे. धाकट्यास सलग दोन वर्षें पावसानें दगा दिला. एकदम रक्कम तो कोठून काढणार? दोघेही आपापल्या परीनें बरोबर. आणि दोघेही बरोबर असलेलीं भांडणें सर्वांत लांबतात. दिवाळीपासून भावाभावांचें बोलणें बंद होतें. थोरल्याचा निरोप आमच्यामार्फत जाई, धाकट्याचें उत्तर त्यांच्या आईमार्फत येई. वाड्याची मोजणी करावयाची तारीखही मेच्या दुसऱ्या आठवड्यांत ठरली होती, आणि त्यासाठीं थोरला रजा घेऊन आला. वाटणीची रेघ कोठून जाणार होती? नेमकी माजघरांतून.

मोजणीच्या आदल्या दिवशीं सकाळीं चौरंगावरचीं ६४० छायाचित्रें झालीं होतीं. माजघर मोकळें करावें, असें थोरला म्हणाला. त्यावर त्याच्या मुलानें डोळेही वर न करतां उत्तर दिलें, "बाबा, चौरंग बोटभर हलला, तर सगळं गेलं. पहिल्यापासून करावं लागेल." थोरला घटकाभर दारांत उभा राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मोजणी आठवड्यानं ठेवूं या का, तेवढं त्याला विचारा." आम्हीं विचारलें. धाकटा म्हणाला, "दादा म्हणेल तसं." बस्स, सहा महिन्यांत दोघांचें ज्यावर एकमत झालें अशी ही पहिली गोष्ट.

त्या आठवड्यांत मुलांस पंगतीचें दृश्य करावयाचें होतें. कोण कोठें बसत असे, पहिलें वाढप कोणाला, कोण ताटांत टाकी, अशा चौकशांस ऊत आला. मग प्रश्न निघाला कंदिलाचा. पूर्वीं वीज गेली म्हणजे देवघराच्या दाराशीं कंदील लागत असे. तो डाव्या खुंटीला, कीं उजव्या? थोरल्यानें सांगितलें, डाव्या. धाकट्यानें सांगितलें, उजव्या. मुलें आमच्याकडे आलीं. आम्हांस ठाऊक होतें. परंतु आम्हीं सांगितलें नाहीं. "तुमच्या दोघांच्या वडिलांस एका ठिकाणीं बसवून विचारा," एवढेंच म्हणालों.

दोघे भाऊ देवघराच्या दाराशीं उभे राहिले. प्रथम मुलांशीं बोलत होते, मग भिंतीशीं, मग एकमेकांशीं. धाकट्यानें भिंतीवर हात फिरविला. चुन्याच्या थरांखालीं डाव्या बाजूस बुजविलेल्या खुंटीचा खड्डा हातास लागला. तेव्हां दोघांसही उमगलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून लोक नुकते निजले होते. तिकडे औसा-उमरग्याकडे गांवेंच्या गांवें झोपेंत गाडलीं गेलीं, हजारों माणसें गेलीं. आमच्याकडे देवघराच्या भिंतीस तडा गेला, एवढ्यावर निभावलें. ती भिंत दुरुस्त केली, तेव्हां खुंटी उजवीकडे बसविली. थोरला त्या वेळीं १५ वर्षांचा होता आणि पुढच्याच वर्षीं शिकावयास पुण्यास गेला. त्याच्या मनांतला वाडा भूकंपापूर्वींचा. धाकटा ८ वर्षांचा. त्याच्या स्मरणांत राहिला तो भूकंपानंतरचा. दोघांच्याही आठवणी खऱ्या होत्या, आणि दोघेही आपापल्या वाड्याचीच वाटणी मागत होते.

त्या रात्रीं ओसरीवर बोलणें बरेंच लांबलें. भूकंपानंतर आठवडाभर सगळें घर अंगणांत निजत असे. धाकटा भिऊन थोरल्याच्या पांघरुणांत शिरत असे. या गोष्टी निघाल्या. आम्ही आंत पडून ऐकत होतों. मुलांनीं कंदिलाचा प्रश्न आपल्या पद्धतीनें सोडविला. त्यांच्या चित्रपटांत कंदील आधीं डाव्या खुंटीवर असतो, जोतें थरथरतें, आणि कंदील आपण होऊन उजव्या खुंटीवर उडी मारतो. त्यासाठीं त्यांनीं बावीस छायाचित्रें जास्त खर्चिलीं, आणि पहांटेच्या दृश्यांतलीं तेवढीं कापून हिशेब जुळविला.

चित्रपट पुरा झाला, तो आम्हीं सर्वांनीं माजघरांत बसून पाहिला. दीड मिनिटाचा तो चित्रपट पांच वेळां पाहिला गेला. भिंती तांबड्या, पिवळ्या, निळ्या. कारण तपकिरी ठोकळे पुरले नाहींत. एके ठिकाणीं सात वर्षांच्या दिग्दर्शकाचें बोट चित्रांत आलें आहे. तें तसेंच ठेविलें आहे. पंगतींत अकरा बाहुलीं बसलीं आहेत आणि आजी शेवटीं, हात टेकून, अर्धा सेकंद थांबून उठते. आमच्या मंडळींनीं पदर डोळ्यांस लावला आणि 'मी काय एवढी म्हातारी दिसतें होय!' म्हणून पोरीस दटावलें.

चित्रपटानें वाटणी टळली, असें आम्ही म्हणत नाहीं. ती ठरल्या दिवशीं झाली. मात्र मोजणीची फीत दोन्ही भावांनीं दोन टोकांस धरली होती. माजघर आणि देवघर सामाईक राहिलें; थोरल्याच्या हिश्शाची रक्कम तीन सुगींमागें तीन हप्त्यांनीं द्यावयाची ठरली. पुण्यास घर एकदोन वर्षें उशिरां होईल. येथें काटकसर करावी लागेल. दुःख कोणाचेंच फार नाहीं, सुखही कोणाचें पुरें नाहीं. प्रपंचांत याहून अधिक मागूं नये.

ही हकीकत आम्हीं ज्या विचारासाठीं सांगितली, तो असा. मुलांनीं घेतलेलीं लागोपाठचीं दोन छायाचित्रें आम्हीं चष्मा लावून शेजारीं शेजारीं पाहिलीं, फरक सांपडेना. तेंच १०० छायाचित्रें सोडून पाहिलें, तर बाहुलें माजघरांतून दाराबाहेर गेलेलें. एकत्र कुटुंबांतलीं माणसेंही अशींच दूर जातात. एका दिवशीं एक पत्र लिहावयाचें राहतें, एका सणास एक जण येत नाहीं, एका उत्तरांत एक शब्द कमी पडतो. कालच्या आणि आजच्या घरांत कोणासच भेद दिसत नाहीं, आणि दहा वर्षांनीं पाहावें तों भाऊ उंबऱ्याबाहेर उभा असतो. मग आपण विचारतों, हें एकाएकीं कसें झालें? एकाएकीं कांहींच होत नाहीं. परंतु ज्या दाण्याएवढ्या हालचालीनें माणूस दूर जातो, तेवढ्याच हालचालीनें त्यास परतही आणतां येतें, हें या खेळांत मुलांस रोज दिसतें, आणि मोठ्यांसही दिसावें.

या खेळावर जे आक्षेप येतात, त्यांचाही विचार केला पाहिजे. एक असा, कीं हे ठोकळे महाग. गोष्ट खरी आहे; पांढरपेशा कुटुंबानें त्यांसाठीं कर्ज काढूं नये. फाळक्यांस आगकाड्या पुरल्या. हरभऱ्याचे दाणे, लांकडी खेळणीं, मातीचे मावळे, जुनीं बटणें, यांतलें कांहींही चालतें. दुसरा आक्षेप असा, कीं यांत मोबाईल हातांत येतोच. येतो, परंतु तिपाईवर खिळलेला येतो, आणि तासाभरांत त्यावर सेकंदापांचाचें चित्र होतें. त्या यंत्राची गति माणसाच्या हाताच्या गतीवर आणून ठेवणारा दुसरा खेळ आमच्या पाहण्यांत नाहीं. तिसरा आक्षेप पालकांचा नेहमींचा: यापासून पुढें काय मिळणार? कदाचित् कांहींच नाहीं. परंतु ज्या मुलानें अठरा दिवस एका चौरंगापुढें काढून मधेंच तो उधळला नाहीं, त्यास अभ्यासाची बैठक निराळी शिकवावी लागत नाहीं.

करून पाहावयाचें असेल, त्यांनीं एवढें करावें. आरंभ दहा सेकंदांच्या गोष्टीपासून करावा. १२० छायाचित्रें पुष्कळ होतात. उजेड एकच आणि न हलणारा ठेवावा. मोबाईल घट्ट बसवावा. हातांत धरून हें काम होत नाहीं. दर बैठकीनंतर मुलांस उठून डोळ्यांस विसांवा द्यावयास सांगावें. तीन वर्षांआंतील मूल घरांत असेल, तर बारीक तुकडे त्याच्या हातीं लागूं देऊं नयेत. तीं लगेच तोंडांत जातात. आणि मुख्य म्हणजे गोष्ट घरांतलीच घ्यावी: आजोळची विहीर, आत्याचें लग्न, गांवांतला आठवड्याचा बाजार. तशी गोष्ट घेतली, म्हणजे मुलांस घरांतल्या माणसांकडे चौकशीस यावेंच लागतें, आणि चौकशीस आलेल्या मुलास 'आतां वेळ नाहीं' म्हणून वाटेस लावूं नये.

असो. आमच्याकडील दोन्ही डब्यांतले ठोकळे आतां एकांत एक मिसळले आहेत. कोणता पुण्याचा आणि कोणता भूमचा, हें सांगतां येत नाहीं, आणि वाटणीपत्रांत त्यांचा उल्लेख नाहीं. दिवाळींत नातू येणार आहे. पुढचा चित्रपट अंगणांतल्या विहिरीवर करावयाचा आहे, असें नातीचें पत्र त्यास गेलें आहे; आणि विहिरीचा रहाट पूर्वीं कोणत्या बाजूस होता, याची चौकशी आमच्याकडे आजपासूनच सुरू झाली आहे.